नाना आणि तिसरीतली अनसूया

नानांना नाव विचारलं की ते "नाना" एवढंच सांगत. "पुढं?" असं कुणी विचारलंच, तर समोरच्या झाडाकडं मान वळवत. "पुढं माड. बोला, कधी येऊ नारळ पाडायला?"

दिवेआगरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा मी त्यांच्या शेजारच्या वाडीत खोली घेतली. नाना आणि काशीकाकू, दोघंच राहत. मूलबाळ नव्हतं. माडावर चढले की नानांना गावातली सगळी छपरं दिसत आणि खाली उतरल्यावर ते घरोघरी बातमी देत. "तुमचं न्हाणीवरचं कौल सरकलंय, पावसाआधी बघा." मी आल्यावर चार दिवसांत त्यांनी माझंही छप्पर तपासून टाकलं होतं.

भर मे महिन्यातसुद्धा सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावून ते चढत. मी एकदा विचारलं, "नाना, जीव गुदमरत नाही?" म्हणाले, "खोड ओरखाडतं, बाई." हातपाय उघडे आणि गळा तेवढा झाकलेला, याचा मेळ काही मला लागेना. पण मी पुढं विचारलं नाही.

एकदा कुणाच्या तरी दाखल्यासाठी शाळेचं जुनं रजिस्टर चाळत होते. त्यात नानांच्या वडिलांचं नाव दिसलं, घराचा पत्ताही तोच. मुलीचं नाव होतं अनसूया. तिसरीतून शाळा सोडलेली, कारण 'घरकाम'. नानांना बहीण असल्याचं कधी ऐकलं नव्हतं. संध्याकाळी मी सहज विचारलं, "नाना, ही अनसूया कोण?"

ते दोरी वळत होते. हात थांबले. म्हणाले, "व्हती. हुशार व्हती. पाढे तोंडपाठ व्हते तिचे. तिला घरी बसवली." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तिचं नाव खोडू नका, बाई. पण मला तिच्या जागी बसवू नका."

घरी येऊन मी ते वाक्य कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिलं. मला कळलं होतं, आणि नेमकं काय कळलं ते कळत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तर हे ठाऊक असणारच. कुणी कधी एक अक्षर बोललं नव्हतं. ती त्यांची माया होती की सोय, याचा उलगडा मला आजही झालेला नाही.

मग चक्रीवादळ आलं. वाडीतले निम्मे माड, पोफळी आडव्या झाल्या. दुसऱ्या दिवशी नाना पडलेल्या एका माडावरून बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चालत गेले. "जन्मभर ह्याच्यावर उभा चढलो," म्हणाले, "आज आडवा चाललो." त्यानंतर ते फारसे घराबाहेर पडले नाहीत. पुढच्या वर्षी खोकला जडला, अंगावरचं मांस गेलं. मी दवाखान्याचा हट्ट धरला, रिक्षासुद्धा बोलावली. नाना भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. काशीकाकूंनी मला अंगणात नेलं.

"नका आग्रह करू. तिथं सदरा काढायला लावतात."

मी रिक्षा परत पाठवली. चूक केली का? त्या दिवशी मी त्यांचा मान राखला, की त्यांना मरू दिलं? दोन्ही खरं असू शकतं का, हे विचारायला माझ्याजवळ कुणी नाही.

ते गेले, तेव्हा आंघोळ घालायला बायकाही पुढं झाल्या आणि पुरुषही. मग दोन्हीकडची माणसं जागच्या जागी थांबली. कुणी कुणाकडं बघेना. काशीकाकूंनी पाण्याची घागर आत घेतली, "माझं मी बघते," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दार उघडलं तेव्हा नानांच्या अंगावर धुतलेला सदरा होता, बटणं गळ्यापर्यंत. खांदा गावच्या पुरुषांनी दिला.

यंदा शाळेची स्मरणिका निघाली. माजी विद्यार्थ्यांची यादी माझ्याकडं, आणि गावातल्या जुन्या माणसांवरचे लेखही. नानांवर लिहिलं नाही, तर आणखी वीस वर्षांनी ते होते हेच कुणाला माहीत नसेल. लिहिलं, तर जे त्यांनी जन्मभर झाकलं ते मी उघडं करणार. तीन कागद फाडले. शेवटी काशीकाकूंना विचारायला गेले.

त्यांनी ट्रंकेतून एक फोटो काढला. श्रीवर्धनच्या स्टुडिओतला, दोघंही तरुण, नाना खुर्चीत, त्या मागं उभ्या. "छापा. पण मला कापू नका त्यातून."

"खाली काय लिहू?"

"काशी आणि तिचा नवरा. आणखी काय लिवायचं असतं?"

"आणि बाकीचं? अनसूयेचं?"

त्यांनी ट्रंकेचं झाकण लावलं. "माझ्याशी ते तिच्याबद्दल बोलायचे. कधी कधी रडायचे. तिलाबी कुठं तरी ऱ्हाऊ दे."

मी यादीत अनसूयेचं नाव ठेवलं आणि लेख नानांवर लिहिला, तुमच्यापुढं आहे तोच. यादी आणि लेखाच्या मध्ये तीसेक पानं आहेत. ती दोन नावं मी इथं जोडली हे बरं केलं की वाईट, मला अजून सांगता येत नाही.

हे पुढचं अंक छापून झाल्यावरचं. तो घेऊन गेले तेव्हा काशीकाकूंनी मला दोन्ही पानं काढून दाखवायला लावलं. त्यांना वाचता येत नाही. यादीतल्या नावावर मी त्यांचं बोट ठेवलं, मग फोटोवर त्यांनी आपणच ठेवलं. दोन्ही पानांचे कोपरे नीट दुमडले, अंक देव्हाऱ्याजवळ ठेवला आणि चहा टाकायला आत गेल्या.