तोंडात खिळे धरणारा नालबंद

...तर शिंपी ताट तसंच टाकून उठला आणि तडक रेसच्या पैजा घेणाऱ्या बुकीच्या टपरीवर गेला, इथपर्यंत आपण आलो होतो. पण तो का उठला हे नीट सांगायला हवं, नाहीतर सगळे त्या बिचाऱ्यालाच नावं ठेवतील. माणूस वाईट नव्हता, उतावळा होता. कात्री हातात आली की आधी कापायचं आणि मग माप घ्यायचं, असल्यातला.

त्याच्या बहिणीचा नवरा नालबंद. रेसच्या घोड्यांना नाल ठोकण्यात त्याचा जन्म गेलेला. आता नालबंदाची एक रीत असते. काम करताना एका हातात घोड्याचा पाय, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायला उरतं काय? तोंड. एका ओळीत खिळे ओठांत धरायचे आणि लागेल तसा एकेक काढायचा. त्यामुळे कामावरचा नालबंद बोलत नाही. पैज लावणारे लोक तबेल्याच्या कुंपणाशी घुटमळायचे. “मामा, यंदा कोण हो?” मामा ओठांकडे बोट दाखवायचे. कुणाला वाटायचं चढेल आहे, कुणाला वाटायचं मुका आहे.

खरं कारण वेगळं होतं. ज्याचा हात घोड्याला लागतो त्याने पैज लावायची नाही आणि दुसऱ्याला इशाराही द्यायचा नाही, असा तिथला नियम. बाकीचे लोक हा नियम सोयीने पाळायचे, याने तो अंगात भिनवून घेतला होता. शर्टाच्या खिशात एक खिळा कायमचा. रस्त्यात कुणी रेसचा विषय काढला की खिळा ओठांत, आणि मान डोलवायची. बायको वैतागायची. “अहो, दूधवाल्यासमोर तरी तो काढा. त्याला फक्त दूध किती घालू ते विचारायचंय.”

असा हा माणूस एकदाच चुकला. त्या दिवशी मेहुणा जेवायला आला होता. सकाळीच नालबंदाने एका तांबड्या घोड्याला नाल ठोकली होती आणि स्वारी भलतीच खुशीत होती. तोंडात खिळ्यांऐवजी घास होता, आणि घासाचं तसं नसतं, तो गिळला की तोंड मोकळं.

“काय पाय आहेत त्या तांबड्याचे,” तो म्हणाला. “असे पाय उभ्या आयुष्यात माझ्या हातात आले नाहीत.”

एवढंच. जिंकेल म्हणाला नाही, लाव म्हणाला नाही. सुताराने लाकूड वाखाणावं तसे त्याने खूर वाखाणले. पण जो माणूस कधीच बोलत नाही तो एक वाक्य बोलला की ऐकणाऱ्याला त्यात दहा वाक्यं ऐकू येतात. शिंप्याचा हात ताटातच थांबला.

त्याचं शिलाई मशीन म्हातारं झालं होतं. टाके सोडायचं, मध्येच उड्या मारायचं, गिऱ्हाइकं उसवलेली शिवण घेऊन परत यायची. नव्या मशीनसाठी त्याने पै-पै करून पैसे साठवले होते. ते सगळे त्याने तांबड्यावर लावले. तांबडा ज्यात पळणार होता ती वर्षातली मोठी रेस अजून लांब होती, म्हणून भाव चढा होता. जिंकला तर नुसतं मशीन नाही, दुकानाला नवी पाटीसुद्धा. बुकीने बजावलं, “हे आगाऊ लावलेले पैसे आहेत. घोडा पळालाच नाही तरी परत मिळणार नाहीत.” गिऱ्हाईक गळ्याचा आकार समजावत असताना शिंपी जशी मान हलवतो, तशी त्याने हलवली.

बहिणीला कळलं, तिने नवऱ्याला सांगितलं. नवऱ्याचा हात खिशातल्या खिळ्याकडे गेला.

“अहो, काहीतरी बोला.”

“मी पायाबद्दल बोललो होतो,” तो म्हणाला, आणि खिळा ओठांत धरला.

रेसच्या दिवशी नालबंदाची नेमणूक जिथून घोडे सुटतात तिथे असायची. ऐनवेळी कुणाची नाल निघाली तर ठोकायला. प्रेक्षकांची गर्दी तिथून पार पलीकडे, नुसता गलका ऐकू यायचा. त्या गलक्यात कुठेतरी मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता.

सगळे घोडे आपापल्या खणात शिरले. तांबडा शिरताना बिथरला आणि त्याने मागच्या फाटकावर सणसणीत लाथ हाणली. नाल लोंबायला लागली. त्याला बाहेर काढलं, जॉकी खाली उतरला. नालबंद खिळे ओठांत धरून धावला, पाय उचलून मांडीवर घेतला. नुसती नाल निघाली नव्हती, खुराच्या कडेचा तुकडाही घेऊन गेली होती. जिथे खिळा बसायचा ती जागाच उरली नव्हती. थोडा आत ठोकता आला असता, पण आत जिवंत मांस. तिथे खिळा कदाचित एक दौड निभावून नेईल. कदाचित अर्ध्यात दगा देईल, आणि वरचा माणूस भर धावेत खाली येईल.

तिथे हजर असलेल्या घोड्यांच्या डॉक्टरांनी तांबड्याला चालवून पाहिलं. “लंगडत नाहीये. माझी हरकत नाही. नाल टिकेल का, ते तुम्ही सांगा.”

“ठोका हो,” ट्रेनर म्हणाला. “सगळे खोळंबलेत.”

जॉकी लगाम धरून उभा राहिला आणि नालबंदाच्या हाताकडे बघत राहिला.

नालबंदाला मेहुण्याचं मशीन दिसलं. बायकोचं तोंड दिसलं. त्याने खिळा जागेवर धरला, हातोडी टेकवली. मांडीवरचा पाय थरथरला. हातोडी तशीच राहिली. मग त्याने ती खाली ठेवली आणि ओठांतले खिळे एकेक काढून तळहातावर घ्यायला लागला. तो बोलण्याआधीच सगळ्यांना कळलं.

“टिकेल असं मी म्हणू शकत नाही. परत न्या.”

घोडा परत गेला. एक काळा घोडा जिंकला. तांबडा पळाला असता तर काय झालं असतं, हे ना डॉक्टरांना कळलं, ना ट्रेनरला, ना कधी नालबंदाला.

संध्याकाळी तो घरी आला तर मेहुणा आधीच येऊन बसलेला. इस्त्रीचा शर्ट चुरगळला होता. बायको चुलीकडे तोंड करून उभी.

“या, दाजी,” मेहुणा म्हणाला. “आयुष्यात एकदा तोंड उघडलंत आणि मला पैसे लावायला लावलेत. दुसऱ्यांदा उघडलंत ते बुडवायला.”

“त्यांनी लाव म्हटलं होतं का तुला?” बहीण तिकडूनच म्हणाली.

“तू गप्प बस, ताई.”

“माझ्या घरात मी गप्प बसू? इथे गप्प बसायला एक माणूस आहे तेवढा पुरे.”

शिंप्याला हसू येत होतं आणि रडूही. दोन्ही आवरून त्याने दाजींकडे पाहिलं. “पैशांचं जाऊ दे. मला एवढंच सांगा, तो पाय हातात होता तेव्हा मी आठवलो होतो का तुम्हाला?”

नालबंदाने चपला काढल्या, हात धुतले, पंच्याला हात पुसत त्याच्यासमोर बसला.

“आठवलास ना. नाहीतर हातोडी टेकवलीच नसती मी. पण पाय थरथरत होता रे. तुझा पाय असता तरी खिळा नसता ठोकला. चल, हात धू, जेवून घे. आणि उद्या ते जुनं मशीन इकडे घेऊन ये, उड्या का मारतं ते दोघं मिळून खोलून बघू.”