थिनरने धुतलेले हात

पाण्याचा रेणू वाकडा असतो. सरळ असता तर दोन्ही बाजूंच्या ओढींनी एकमेकींना मारून टाकलं असतं. वाकडा, म्हणून त्याचं एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन. असे रेणू आपापसांत गच्च धरून बसतात आणि तेलाला आत घेत नाहीत. कर्जतच्या कॉलेजात मी हे दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी बाबांचे हात आठवून माझं डोकं फिरतं.

बाबा खालापूरकडच्या एका रंगाच्या कारखान्यात पिंपं धुवायचे. हातमोजे फक्त तपासणीच्या दिवशी बाहेर निघत. ऑइलपेंट पाण्याने जात नाही, म्हणून सुटी झाली की सगळे थिनरच्या डब्यात हात बुडवायचे. अकरावीत मी ध्रुवीय-अध्रुवीय शिकले आणि घरी येऊन शहाणपण पाजळलं. "बाबा, रंग काय न् कातडीतलं तेल काय, थिनरला दोन्ही सारखंच. दोन्ही ओढून नेतं ते. आधी गोडंतेल चोळा, मग साबण लावा. साबणाचं एक टोक तेल धरतं, दुसरं पाणी."

एका शनिवारी ते रंगाचे हात तसेच घेऊन टेंपोने घरी लोधिवलीला आले. ओट्यावर बसून तेल चोळलं, साबण लावला. पंधरा-वीस मिनिटं गेली, पण रंग निघाला. भाकरीला थिनरचा वास नाही, हे आईला दोनदा सांगितलं.

सोमवारी पुन्हा थिनर. मी भडकले.

"तुझं बरोबर हाय गं," बाबा म्हणाले. "पन सुटीनंतर पाच मिन्टांत कंपनीची गाडी निघते. रंगाच्या हातांनी चढू देत नाय. रोज टेंपो कुठला?"

परीक्षेत साबणाच्या रेणूची आकृती आली. मला पैकीच्या पैकी मिळाले. पाच मिनिटांची वीस मिनिटं कुणाकडे मागायची, हे पुस्तकात नव्हतं. मीही कधी शोधलं नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

यंदा पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला त्यांना चौक गावच्या सेवा केंद्रात नेलं. यंत्रावर अंगठा ठेवला. जुळला नाही. दुसरा ठेवला, मग एकेक करत दहाही बोटं. बोटांवर रेघच उरलेली नाही, नुसती चकाकी आणि भेगा. ठसा जुळल्याशिवाय माणूस जिवंत धरत नाहीत.

यंत्रावरच्या मुलीने मानही वर केली नाही. "काका, हात नीट धुवून या."

मी तोंड उघडणार, तोच बाबा उठले.

"साबण हाय का गं?" त्यांनी तिला विचारलं.