करंगळीखालचं हाड

गणपती जवळ आले की कासूची ती केस मला हमखास आठवते. तेव्हा मी पेणला तपास अधिकारी होतो. कासू स्टेशनच्या रस्त्यावर भर दुपारी एका माणसाला कोणीतरी तोंडावर ठोसा मारून पाडलं होतं. जबडा मोडला, डोकं दगडावर आपटलं. शुद्धीवर आल्यावर त्याने जबाब दिला, "तोंडाला रुमाल होता. वळखला नाय." उशाशी बसलेली त्याची बायको काहीच बोलली नाही. पंचनामा झाला, विचारपूस झाली; तपास मात्र पुढे सरकेना.

मग रोह्याच्या पोलिसांकडून खबर आली. तिथल्या हाडांच्या डॉक्टरांकडे उजवा हात सुजलेला एक तरुण आला होता. हमरापूरचा, गणपतीच्या मूर्तींचे डोळे रेखणारा. हातावर मूर्ती पडली, असं त्याचं म्हणणं. मी रोह्याला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरला.

"करंगळीखालचं हे हाड बघा. मूठ वळून मारलं की बहुधा असं मोडतं. छातीठोक सांगत नाही. पण वरून वजन पडलं असतं, तर कातडी तरी सोलवटली असती."

मलाही एक गोष्ट खटकत होती. हमरापूरच्या माणसाला पेण जवळ. मोडका हात घेऊन तो रोह्यापर्यंत कशाला येईल? ओळखीचं कोणी भेटू नये म्हणूनच.

त्याला समोर बसवून चहा मागवला. कप त्याने डाव्या हाताने धरला.

"मूर्ती केवढी होती?"

"मोठी व्हती, साहेब."

"फुटली असेल मग."

त्याने कप खाली ठेवला. "नाय."

"तुझं हाड मोडलं आणि मूर्तीचा टवकाही उडाला नाही?"

त्याने मान खाली घातली. त्यानंतर दरडावून पाहिलं, समजावून पाहिलं; तो एक शब्द बोलला नाही.

डॉक्टरांना ऑपरेशनची घाई होती. हाड फिरलं होतं, करंगळी शेजारच्या बोटावर चढत होती. तसंच जुळलं असतं, तर ब्रश नीट धरता आला नसता. घरच्यांना कळवायला मी हवालदाराला हमरापूरला पाठवलं. त्याचा फोन आला तो वेगळंच सांगायला. "साहेब, त्याची म्हातारी आई म्हणते, लेक कासूला दिलीय."

रुग्णालयात उशाशी गप्प बसलेली ती बाई याची बहीण होती. महिला कॉन्स्टेबल तिला रोह्याला घेऊन आली. भावाचा हात बघून तिला रडू आवरेना.

"तू घरी जा गो," तो म्हणाला.

"नाय जात. दादा, आता तू गप ऱ्हा." मग ती माझ्याकडे वळली. "साहेब, नवरा मला मारायचा. मी म्हायेरी कधी बोलले नाय. त्या दिवशी दादा आला, त्याला माझ्या अंगावरचे वळ दिसले."

बहिणीचं नाव ठाण्यात येऊ नये म्हणून भाऊ गप्प होता. आपली करणी बाहेर येईल म्हणून नवऱ्याने रुमालाची थाप मारली होती.

ऑपरेशनला फक्त हात बधिर केला होता. हाड जागेवर बसवून पोलादाच्या बारीक तारा घालताना तो जागाच होता. डॉक्टरांना त्याने एवढंच विचारलं, "डोळा रेखता येईल ना?"

"तारा निघाल्यावर बोटं हलवायचा आळस केला नाहीस, तर येईल."

मारहाणीचा गुन्हा त्याच्यावर दाखल झाला. कायद्याने तो टळणारा नव्हता. बहिणीच्या फिर्यादीवरून नवऱ्यावरही झाला. भावाने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटला. बहीण माहेरी आली. त्या वर्षी मूर्तींचे डोळे तिने रेखले, तो शेजारी बसून सांगत होता. पुढच्या वर्षी मी त्यांच्या कारखान्यात गेलो, तेव्हा ब्रश त्याच्या हातात होता. श्वास रोखून तो पापणीची रेघ ओढत होता. ती पुरी होईपर्यंत मी दारातच थांबलो.

नोकरीत पुष्कळ आरोपी बघितले. स्वतःला वाचवणारा फार वेळ गप्प राहू शकत नाही, कुठेतरी जास्तीचं बोलून जातो. दुसऱ्याला झाकणाऱ्यावर मात्र दाब टाकून उपयोग नसतो. तो कोणासाठी गप्प आहे, ते शोधावं. आणि ते माणूस ठाण्यात आलं, की आधी त्याला बसायला खुर्ची द्यावी.