वहाबभाईंचा पत्र्याचा डोंगा

अहेरीच्या बाजारात वहाबभाईंच्या धान्याच्या कोठ्यांना तोड नाही, कुणालाही विचारा. जस्ती पत्रा कापायचा, वळवायचा, सांध्यांना झाळ द्यायची. उंदीर दात पाडून घेईल, पण आत शिरायचा नाही. तर असा हा माणूस यंदाच्या उन्हाळ्यात भलताच उपद्व्याप करून बसला. एटापल्लीकडच्या एका गावातली सोनीबाई दुकानात आली आणि म्हणाली, "वहाबभाऊ, आमचा लाकडाचा डोंगा सडला. पावसाळ्यात नदी भरली का गाव अडकते. अडलेली बाई दवाखान्यात न्यावी कशी? पत्र्याचा डोंगा करून देता का?"

"देतो," वहाबभाई म्हणाले. झालं! शब्द गेला तोंडातून.

सगळा बाजार हसला. चहावाला अजीम तर येईल त्या गिऱ्हाइकाला सांगे, "सुई बुडते, खिळा बुडते, अन् यायचा डोंगा तरंगन म्हणते!" वहाबभाई वरवर चिडले, पण आतून टरकले होते, खोटं कशाला बोला? आपल्या हातचा डोंगा भर पुरात बुडाला, तर अल्लाला काय तोंड दाखवायचं?

घरी त्यांनी पाण्याच्या टबात पत्र्याचा तुकडा टाकला. डुबुक! त्याच तुकड्याच्या कडा वळवून डबी केली, तर ती मजेत डुलायला लागली. मग डबीत एकेक खिळा टाकत गेले. डबी थोडी थोडी खाली जाई आणि काठोकाठ भरलेल्या टबातलं पाणी फरशीवर सांडे. बायको, खैरुन, पोछा घेऊन धावली. "अजी, घरात नदी आणून राह्यले काय?"

"अवं, पाह्य तर! डबीनं पाण्याची जागा घेतली. पाणी ते जागा वापस मागते, म्हणून खालून ढकलते. जेवढं पाणी हटवलं, तेवढ्याच वजनाचं ओझं पेलते. डबी मोठी, तर जोरही मोठा!"

"तुमाले पोहता येते?"

"नाई."

"मंग तुमीच पाह्यजा बापा."

डोंगा झाला. टेम्पोत घालून सोनीबाईच्या गावी नेला. अख्खं गाव नदीवर लोटलं होतं. खैरुनही आली, म्हणे बुडालेच तर रडायला घरचं कोणी पाहिजे. लालसू नावेवरचा जुना माणूस. त्यानं चौघांच्या मदतीनं डोंगा पाण्यात ढकलला आणि काय सांगू, बदकासारखा तरंगला! ढोल वाजला.

दोन मिनिटं नाही झाली तर डोंगा एका अंगाला बसू लागला. लालसूनं आत डोकावून पाहिलं आणि ओरडला, "भाऊ, याले तोंड काऊन ठेवलं?"

जन्मभर कोठ्या केलेले हात ते! कोठीला बुडाजवळ धान्य काढायचं तोंड असतं, त्यावर सरकतं झाकण. डोकं पाण्याचा विचार करत राहिलं आणि हातांनी सवयीनं डोंग्यालाही तोंड ठेवून दिलं. तेही कसं सुबक, झाकणासकट! पाणी त्यातून धो धो आत येत होतं.

सोनीबाई हसून हसून खाली बसली. "धान किती पोते भरू, भाऊ?" गाव खदखदलं. वहाबभाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माणूस पळणाऱ्यांतला नव्हे. "ओढा बाहेर!" म्हणून गरजले. डोंगा उपसला, तोंडावर पत्रा बसवला, काठावरच निखारे पेटवून झाळ दिली. मग आत पाणी भरून बाहेरून सांध्यावर हाताचं बोट फिरवत बसले. थेंब नाही गळला.

डोंगा पुन्हा पाण्यात गेला. आता आधी बसणार कोण? सगळे एकमेकांकडे बघू लागले.

"म्या बनवला, म्याच बसतो," वहाबभाई म्हणाले. पोहता येत नव्हतं, तरी बसले. डोंगा जरासा खाली गेला आणि थांबला. मागोमाग सोनीबाई चढली, मग आणखी तिघी. दर माणसागणिक डोंगा थोडा दबे आणि थांबे, थेट त्या डबीसारखा. लालसूनं बांबू रेटला.

काठ मागं पडला. पाणी डोंग्याच्या कडेपासून अजून वीतभर खाली होतं. वहाबभाईंनी ते पुन्हा पुन्हा हात लावून पाहिलं आणि लहान पोरासारखे हसू लागले. हसता हसता डोळे भरून आले. आता पुरातही गावातली बाई अडणार नव्हती.

तेवढ्यात काठावरून खैरुनची हाक आली. "अजी! बुडायच्या वेळी सोबत याले मी पाह्यजे, अन् तरंगाले लागले का एकटेच चालले?"

वहाबभाईंनी डोळे पुसले. "वळव लालसू," ते म्हणाले, "अजून एकीची जागा हाये."