गोंदियात सगळं स्वस्त, माझ्या फीसकट

"भावना नकोत, आकडे आण," असं समीर म्हणाला आणि माझं डोकंच सणकलं. समीर म्हणजे माझा नवरा. घरून काम करतो. लॅपटॉप उघडला की त्याचं ऑफिस सुरू. मी फिजिओथेरपिस्ट. नऊ वर्षं पुण्यात दुसऱ्याच्या क्लिनिकमध्ये लोकांचे गुडघे सरळ करतेय, कारण स्वतःची जागा घ्यायची म्हटलं की डिपॉझिट ऐकूनच घाम फुटतो. माझी कॉलेजातली मैत्रीण वैशाली गोंदियात राहते. तिच्या मावशीचं तिथलं घर रिकामं झालं होतं. वर दोन खोल्या, खाली रस्त्यालगत एक मोठी खोली. "ये आणि स्वतःचं क्लिनिक टाक," वैशालीने फोनवर सांगितलं. परवडलं तर जायचं, नाहीतर पुन्हा हा विषय काढायचा नाही, असं आमचं ठरलं. म्हटलं ठीक आहे, बघतेच आता.

महाराष्ट्र एक्सप्रेसने निघालात तर एक पुस्तक आणि भरपूर सहनशक्ती बरोबर घ्या. पुण्यात रात्री बसले, ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरले. थर्ड एसीचं तिकीट दोन हजारांच्या आत बसतं. नागपूर सुटलं की खिडकीबाहेर भातशेती सुरू होते आणि संपतच नाही. स्टेशनजवळ नऊशे रुपयांत स्वच्छ खोली मिळाली. पुण्यात एवढ्यात फार तर रिसेप्शनवर बसू दिलं असतं.

सकाळी पोहे, वर हरभऱ्याची झणझणीत तर्री, आणि शेजारी जिलबी. पोट भरलं आणि तीस रुपयांत सुटले. मग वैशालीबरोबर घर बघितलं. भाडं वर-खाली मिळून आठ हजार! आम्ही पुण्यात नुसत्या राहण्याचे चोवीस हजार मोजतो. मी मनातल्या मनात समीरला चिडवायलाही सुरुवात केली.

बाजारात मात्र माझी चांगलीच फजिती झाली. भाव कळावा म्हणून मी दुकानदाराकडे एक किलो तांदूळ मागितला. तो माझ्याकडे बघतच राहिला.

"एक किलो? घर में कोई बीमार है क्या, मॅडम?"

वैशाली हसून हसून बेजार. इथं माणसं तांदूळ कट्ट्याने, म्हणजे अख्खं पोतं, घेतात. आणि बहुतेकांकडे तो शेतातून किंवा नातेवाइकांकडूनच येतो. एक किलो फक्त आजाऱ्याच्या पेजेसाठी न्यायचा. बरं झालं, मी पाव किलो नाही मागितला.

भाजी स्वस्त, रिक्षा स्वस्त. पण मे महिन्यात कूलर हात टेकतो म्हणे, एसी लावावाच लागतो आणि विजेचं बिल रडवतं. पुण्याला येण्याजाण्याचा खर्च वेगळा. तरी आठ हजारांच्या भाड्यापुढे हे सगळं किरकोळ वाटत होतं. शेवटी औषधाच्या दुकानात गेले आणि इथे लोक फिजिओथेरपीचे एका वेळचे किती देतात ते विचारलं.

"दो सौ. उससे ऊपर बोलोगे तो लोग तेल लगा के सो जाएंगे."

पुण्यात आमच्याकडे सहाशे घेतात. घ्या! गोंदियात सगळंच स्वस्त, आणि त्यात मीही. त्या दुपारी खोलीवर बसून पुन्हा पुन्हा आकडेमोड केली. कशीही फिरवली तरी पहिलं वर्ष पुण्यापेक्षा मागेच जात होतं. फार राग आला. कोणावर ते नाही कळलं.

तिसऱ्या दिवशी वैशालीच्या स्कूटीवरून कामठ्याला, जवळच्याच गावी, गेलो. तिच्या मावशी आता तिथंच राहतात आणि आपली शेती स्वतः उभ्या राहून बघतात. रोवणी चालू होती. गुडघाभर चिखलात बायकांची रांग, सगळ्या कमरेत वाकलेल्या, हातात भाताच्या रोपांची जुडी. बघूनच माझी पाठ दुखायला लागली.

मावशींच्या घरी जेवायला भात, लाखोरीची डाळ आणि तरोट्याची भाजी. मावशी पाटावरून उठल्या त्या भिंतीला धरून. मला राहवेना. त्यांना चटईवर आडवं केलं, तासभर पाठ मोकळी केली, दोन व्यायाम शिकवले. रोवणीवरून जेवायला येऊन ओसरीत बसलेल्या बायका टकमक बघत होत्या.

"मले बी पाह्य ना वो, बाई," एक म्हणाली.

"रोवण्यात कंबर जातेच," दुसरी तिला म्हणाली. "त्याले का दवा रायते?"

"असते," मी म्हणाले. मग एकेक करत सगळ्याच आडव्या झाल्या. त्यांच्यातल्या एकीलाही आजवर कोणी तपासलं नव्हतं. ऊन उतरलं तरी मी चटईवरच होते.

निघताना मावशी म्हणाल्या, "हलकं वाटून राहिलं. परवा येजो, पुन्हा पाह्यजो."

"परवा मी पुण्यात असेन, मावशी. अजून काही ठरलं नाही. हिशोब जमत नाहीये."

"तीन दिस भावच पाहून राहिली तू! तुले याचं आहे का नाई, ते सांग ना. तू तिकडं बसशीन, मंग आमच्या कमरेनं पुण्याले याचं का?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. यायचं होतं मला. पहिल्या दिवसापासून यायचं होतं.

चौथ्या दिवशी नागऱ्याच्या शिवमंदिरात जाऊन आले. शहरापासून अगदी जवळ आहे, गेलात तर चुकवू नका. जुन्या दगडांत थंडगार वाटतं. मग परतीची गाडी पकडली.

घरी समीरने आकडे नीट वाचले. "पहिल्या वर्षी आपण तोट्यात आहोत."

"हो."

"मग?"

"मी विसार देऊन आलेय. एक महिन्याचं भाडं."

त्याने भाड्याचा आकडा पुन्हा एकदा बघितला. मग हळूच म्हणाला, "आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर एकटी जाईन. तुला भेटायला येत जाईन, पण पेशंट संपवून."

समीरने कागद दुमडला आणि बाजूला ठेवला.

"वरच्या खोलीत खिडकी कुठल्या बाजूला आहे?" त्याने विचारलं. "माझं टेबल तिथं लागेल."