अण्णांना घरी आणलं

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी दादाला एकट्यालाच केबिनमध्ये बोलावलं, तेव्हाच माझं डोकं फिरलं. अण्णांच्या कॅन्सरचे सगळे महिने आईनं आणि मी काढले होते. दादा पुढारी. कार्यक्रमांतून सवड मिळाली की तोंड दाखवून जायचा. तरी बोलायचं त्याच्याशीच, कारण तो मुलगा.

बाहेर येऊन तो म्हणाला, "व्हेंटिलेटर लावायचंय. मी हो म्हणलंय."

"अण्णा काय म्हणलते, ध्यानात हाय ना?"

त्याच्या ध्यानात होतं. बोलता येत होतं तोवर अण्णांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं होतं, की नळ्या घालू नका, मला चौसाळ्याला घरी न्या. दादानं तेव्हा मान हलवली होती.

"लोक काय म्हणतील? बापाला मराया घरी नेलं?"

त्याचे कार्यकर्ते तिथंच उभे होते. त्यांच्यादेखत मी आईचा हात धरला आणि केबिनचं दार लोटलं. "याला जे सांगितलं ते हिलाही सांगा. पेशंट नवरा आहे तिचा."

डॉक्टर 'बघू', 'प्रयत्न करू' असंच बोलत राहिले. मग आईनं विचारलं, "मशीन लावल्यावर ते माझ्याशी बोलतेल का?"

"नाही, मावशी. आता त्यातून ते बाहेर येणार नाहीत."

"घरी नेलं तर लई तरास होईल?"

"दुखणं आणि धाप कमी करायची औषधं देतो. घरी देता येतात."

"मग हे आदी कावून न्हाई सांगितलं?"

डॉक्टर मान खाली घालून औषधं लिहायला लागले. मला त्या माणसाच्या टेबलावरचं सगळं खाली लोटून द्यावंसं वाटलं. आठवडेच्या आठवडे अण्णा कण्हत होते.

दादाचं न ऐकता आईनं अण्णांना घरी आणलं. थोडेच दिवस मिळाले, पण कण्हणं थांबलं. एका सकाळी आई त्यांचं तोंड पुसत असताना ते गेले.

तेराव्याच्या मांडवात दादा पाहुण्यांना सांगत होता, "मशीन लावणार होते. बहिणीनं ऐकलं न्हाई." आई तिथूनच म्हणाली, "मी आणलं त्यांना. तिचं नाव घिऊ नको."

तरी तो घेतोच. परवा लिंबागणेशला एका लग्नात चुलत मावशीनं मला हळूच विचारलं, "खरंच का गं, तूच नको म्हणलीस?" हातातलं ताट मी खाली ठेवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, पलीकडच्या पंगतीत बसलेल्या दादाला ऐकू जाईल अशा आवाजात.