घोंगडीखालचे मिस्त्री

“ग्यास संपत न्हाय पावणं, पळतोय. कुटनं पळतोय ते आदी बघू.”

गाडीचा एसी गार करत नाही म्हणून कोणीही आलं की मिस्त्री एवढंच म्हणत आणि बॉनेट उघडून पाइपांना हात लावत बसत. उद्यमनगरात तुम्ही कधी गाडी घेऊन गेला असाल, तर एका शेडमधून रस्त्यापलीकडे जाणारा आवाज तुमच्या कानावर पडला असेल. तो त्यांचाच. त्यांना हळू बोलता येतच नसे. साधा चहा सांगितला तरी भांडण लागलंय असं वाटून माणसं थांबत. ‘नुसता गॅस भरून द्या’ असं गिऱ्हाईक म्हणालं की ते सरळ सांगत, “मग दुसरीकडं जावा की.”

मीही आधी दुसरीकडेच गेलो होतो. गॅस भरला की थोडे दिवस गाडी गार व्हायची आणि परत कोमट वारा. एरवी मी काचा खाली करून चालवली असती. पण माझा धाकटा भाऊ संदीप मोटरसायकलवरून पडला होता आणि त्याच्या मानेला मार बसला होता. तेव्हापासून त्याचं शरीर खांद्याखाली हलत नाही, आणि त्याला घामही येत नाही. उन्हात त्याचं अंग तापतच जातं. प्रवास थंडाव्यातच करायचा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दर महिन्याला त्याला मिरजेच्या दवाखान्यात न्यावं लागे, आणि मे महिना सुरू झाला होता. मी मिस्त्रींकडे गेलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पुढची खेप होती.

हे ऐकून मिस्त्रींनी लगेच बॉनेट उघडलं. दिवसभर ते गाडीशी झटत राहिले. मला इंजिनाजवळ उभं करून त्यांनी आवाज ऐकवला. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा, लगेच बंद पडायचा, पुन्हा सुरू. गॅस कमी असला की त्याला अशी धाप लागते, हे त्यांनी मला ओरडून समजावलं. प्रेशरचे दोन्ही काटे खाली होते. म्हणजे गॅस कमी होता हे नक्की. पण गळत कुठून होता? त्यांनी गॅस भरला आणि प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून पाहिलं. बुडबुडा येईना. शेवटी त्यांनी गॅसबरोबर आत एक रंग सोडला. जिथे गळेल तिथे तो निळ्या टॉर्चखाली हिरवा चमकतो. तोही कुठे दिसला नाही.

संध्याकाळी हात पुसत ते म्हणाले, “घावंना. उद्या मिरजंला मी बी येतो.”

सकाळी ते खरंच दारात हजर. एका हातात हत्यारांची पिशवी, खांद्यावर घोंगडी. मे महिन्यात घोंगडी कशाला, हे विचारायचा धीर मला झाला नाही. गाडीत वाकून ते संदीपशी बोलले. आमच्याकडे येणारे सगळे त्याची चौकशी माझ्याजवळ करत, तो समोर असला तरी. मिस्त्री त्यालाच म्हणाले, “भावा, गरम व्हायला लागलं की मला सांगायचं. ह्याला न्हाय, मला.”

हातकणंगले मागे पडलं तसा वारा कोमट झाला. जयसिंगपूर जवळ आलं तेव्हा संदीप म्हणाला, “मिस्त्री, व्हायला लागलं.” आरशात मला त्याचा चेहरा लालबुंद दिसला. गाडी कडेला घेऊन मी त्याच्या कपाळावर ओला टॉवेल टाकला, पण तो लगेच गरम होत होता.

मिस्त्रींनी गाडी गावात घ्यायला लावली आणि एसी असलेल्या पहिल्या साड्यांच्या दुकानासमोर थांबवली. आत जाऊन त्यांनी आपल्या नेहमीच्या आवाजात सगळं सांगितलं असणार, कारण आम्ही संदीपला उचलून नेईपर्यंत मालकाने गादीवरच्या साड्या स्वतः बाजूला सारल्या होत्या. त्या पांढऱ्या गादीवर त्याला निजवलं. शेजारी शालू बघत बसलेल्या बाईंनी थोड्या वेळाने त्यालाच दोन शालू दाखवून विचारलं, कुठला बरा? त्याने हिरवा सांगितला. त्याचा चेहरा निवळत चालला होता. मग कुठे मी बाहेर आलो.

बाहेर मिस्त्रींनी इंजिन बंद केलं होतं. “तापल्यावरच गळतंय हे. गार झालं की तोंड मिटतंय.” एवढं सांगून त्यांनी टॉर्च घेतला आणि घोंगडी स्वतःवर आणि उघड्या इंजिनावर ओढून घेतली. भर उन्हात अंधार करण्यासाठी ती आणली होती. लोक जमले. वाफारा घेताय काय, असं कोणीतरी विचारलंसुद्धा. मग आतून एकदम हळू आवाज आला, “घावली.”

मीही घोंगडीत डोकं घातलं. गरम तेलाचा वास होता, आणि मागच्या बाजूच्या एका जोडावर काजव्याएवढा हिरवा ठिपका चमकत होता. तिथली रबरी कडी कडक झाली होती. पिशवीतली नवी कडी बसली, तिथल्याच एका ओळखीच्या गॅरेजात गॅस भरला, आणि दुपारी उशिरा का होईना, आम्ही मिरजेला पोहोचलो. डॉक्टर आमची वाट बघत थांबले होते.

मागच्या वर्षी मिस्त्रींनी शेड बंद केली आणि ते राधानगरीला लेकीकडे राहायला गेले. तिकडच्या हवेत एसीचं काय काम, असं मी फोनवर चिडवलं, तर म्हणाले, आता म्हशी बघतो. उद्यमनगरातला तो कोपरा आता फार गप्प वाटतो.

त्या दिवशी मिरजेहून परतताना मिस्त्री समोरच्या एसीच्या झडपेपुढे तळहात धरून बसले होते. शिरोली जवळ आली तेव्हा मागून संदीपचा आवाज आला.

“दादा, थंडी वाजायला लागली.”

मी एसी कमी करायला हात पुढे केला.

“वाजू दे भावा,” मिस्त्री म्हणाले. “जरा वेळ वाजू दे.”

मी हात मागे घेतला.